रिबाउंडचा रकाना कुठून आला?

मिहानमध्ये संध्याकाळी साडेपाच वाजले, ऊन जरा उतरलं, की एका कॅम्पसच्या मागच्या सिमेंटच्या कोर्टवर मुली बास्केटबॉल खेळायला येतात. खापरी, चिंचभुवन, शिवणगाव अशा आसपासच्या. डोक्यावरून विमान खाली येत असतं, त्या आवाजात सरांची शिट्टी बुडते, पण खेळ थांबत नाही. गेल्या हिवाळ्यात मी तिथे वही घेऊन बसायचे. माझं एमएस्सी फिजिक्समध्ये झालं आणि पीएचडी खेळातल्या मोजमापांच्या इतिहासावर चालू आहे. त्यामुळे जुन्या आकड्यांबद्दल लिहिण्याआधी स्वतः एकदा मोजून बघावं, एवढाच हेतू होता. मी रिबाउंड मोजायचे. म्हणजे शॉट चुकला, चेंडू रिंगवरून किंवा बोर्डवरून परत आला, तर तो कोणी पकडला, त्या मुलीच्या नावापुढे एक रेघ.

एके दिवशी सर म्हणाले, "मॅडम, तुमची वही द्या जरा. लिस्ट पाठवायची आहे." स्पर्धेच्या संघात बारा जणी घेता येतात आणि बाराव्या जागेसाठी दोघींत निवड करायची होती. वहीत एकीच्या नावापुढे दुसरीपेक्षा जवळपास दुप्पट रेघा होत्या. निवड पाच मिनिटांत झाली. दोन दिवसांनी जी राहिली ती मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "ताई, मी आत असते तेव्हा बॉल चुकतात तरी किती? मला तर शेवटची दहा मिनिटंच देतात."

तिचं बरोबर होतं. माझ्या वहीत फक्त अंश होता, छेद नव्हता.

ही चूक माझी एकटीची नाही. बास्केटबॉलच्या इतिहासात ती बरीच वर्षं छापील स्वरूपात चालत आली आहे. म्हणून आजचा लेख रिबाउंडवर आहे. तुमचा विषय वनस्पतिशास्त्र असो की अर्थशास्त्र, संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला एक सवय लागावी असं मला वाटतं. हाती आलेल्या तक्त्यातला प्रत्येक रकाना कधी, कशासाठी आणि कोणी सुरू केला, हे आधी विचारायचं.

रिबाउंड नव्हताच

डिसेंबर १८९१. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी वायएमसीएच्या प्रशिक्षण संस्थेत जेम्स नाइस्मिथ नावाचे शिक्षक होते. बर्फामुळे मैदानी खेळ बंद पडले होते आणि वर्गातल्या मुलांना आत खेळता येईल असं काहीतरी हवं होतं. त्यांनी जिमच्या गॅलरीच्या कठड्याला पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता, म्हणून रिंगची उंची आजही दहा फूटच, म्हणजे ३.०५ मीटर आहे. चेंडू फुटबॉलचा. वर्गात अठरा जण, म्हणून एका बाजूला नऊ. नियम तेरा.

या तेरा नियमांत रिबाउंडचा उल्लेख नाही, आणि बोर्डचाही नाही. टोपलीच्या मागे काहीच नव्हतं. चुकलेला चेंडू गॅलरीत जायचा किंवा भलतीकडे पडायचा.

मग बोर्ड आला कशासाठी? गॅलरीत बसलेले प्रेक्षक हात खाली घालून आपल्या संघाचा चेंडू आत ढकलायचे आणि समोरच्यांचा बाहेर. त्यांना अडवायला काही वर्षांतच टोपलीमागे तारेची जाळी लावली गेली. पुढे जाळीच्या जागी लाकूड आलं, नंतर काच. प्रेक्षकांना अडवण्यासाठी लावलेल्या फळीमुळे चेंडू मैदानात परत येऊ लागला आणि तो कुठे येईल याचा अंदाज बांधता येऊ लागला. आज प्रशिक्षक जे कौशल्य तासन्‌तास घोटून घेतात, ते अशा एका दुरुस्तीतून निघालं. खेळ तयार करणाऱ्याच्या मनात ते नव्हतं.

संशोधनात हा मुद्दा वारंवार भेटतो. आपण ज्याला एखाद्या माणसाचा 'गुण' समजून मोजतो, तो पुष्कळदा भोवतालच्या व्यवस्थेतून तयार झालेला असतो.

हिसकावायचं नाही

दुसरं उदाहरण मुलींच्या खेळाचं. १८९२ मध्ये स्मिथ कॉलेजमध्ये सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने हा खेळ मुलींना शिकवायला सुरुवात केली आणि मार्च १८९३ मध्ये तिथल्या दोन वर्गांत सामना झाला. मुलींना जास्त दमणूक नको, धसमुसळेपणा नको, या त्या काळच्या समजुतीनुसार त्यांनी नियम बदलले. कोर्टचे तीन भाग केले. ज्या खेळाडूचा जो भाग, तो सोडून तिने जायचं नाही. आणि दुसरीच्या हातातून चेंडू हिसकावायचा नाही.

आता या नियमांत रिबाउंडचं काय होईल बघा. मधल्या भागातल्या मुलीला रिंगखाली जायलाच मनाई. चेंडू दोघींच्या हातात आला तर ओढायला मनाई. अमेरिकेत मुलींसाठी वेगळे नियम या ना त्या रूपात पुढे कितीतरी दशकं टिकले. पाच जणींनी पूर्ण कोर्टवर खेळायची पद्धत तिथे १९७१ मध्ये रूढ झाली आणि ऑलिंपिकमध्ये महिलांचं बास्केटबॉल आलं १९७६ मध्ये. पुरुषांचं १९३६ मध्येच आलं होतं. त्या काळातल्या मुलींना रिबाउंड जमत नव्हता, असं कोणी लिहिलं तर ते वाक्य मुलींबद्दल नसून नियमपुस्तकाबद्दल असेल.

१९३७: चुकलेल्या शॉटची किंमत वाढली

सुरुवातीची साडेचार दशकं प्रत्येक बास्केटनंतर चेंडू मध्यभागी नेऊन उडवायचे आणि दोन्ही संघांचे उंच खेळाडू त्यासाठी उडी मारायचे. म्हणजे गुण मिळाला तरी पुढचा चेंडू कोणाचा, हे पुन्हा झटापटीवर ठरायचं. १९३७ मध्ये हा प्रकार बंद झाला. बास्केट झाली की चेंडू सरळ समोरच्या संघाकडे.

परिणाम असा झाला की शॉटनंतर चेंडू कोणाचा यावर भांडण उरलं फक्त शॉट चुकल्यावर. रिबाउंडचं महत्त्व एका नियमाने वाढवलं. पण ते मोजायला मात्र अजून कोणी वही काढली नव्हती.

मोजायला सुरुवात, आणि फसगत

अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगने रिबाउंडची अधिकृत नोंद १९५०-५१ च्या हंगामापासून ठेवली. त्याआधीचे खेळाडू या तक्त्यात नाहीतच. रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे, हे इथे लक्षात ठेवा. डेटा साफ करताना रिकाम्या जागी शून्य भरणारे मी बरेच पाहिलेत. एकदा मीही भरलं आहे.

या तक्त्यातला सर्वांत गाजलेला आकडा ५५. विल्ट चेंबरलेनने २४ नोव्हेंबर १९६० रोजी बोस्टन सेल्टिक्सविरुद्ध एकाच सामन्यात एवढे रिबाउंड घेतले, तेही समोर बिल रसेलसारखा खेळाडू असताना. त्या हंगामात त्याची सरासरी होती सामन्याला २७.२. तीस-एक वर्षांनी, १९९१-९२ मध्ये, डेनिस रॉडमन पहिला आला तो १८.७ च्या सरासरीने. चेंबरलेन २१६ सेंटिमीटर उंच, रॉडमन २०१. आकडे बघून निकाल उघड वाटतो.

आता छेद शोधू. १९६०-६१ मध्ये एक संघ सामन्याला सरासरी सुमारे १०९ शॉट मारायचा आणि त्यातले ४१-४२ टक्के आत जायचे. म्हणजे साधारण ६४ चुकायचे. दोन्ही संघांचे मिळून १२८. चेंबरलेनचे २७.२ म्हणजे त्यातले सुमारे २१ टक्के. तो जवळजवळ पूर्ण ४८ मिनिटं खेळायचा, त्यामुळे त्याच्याबाबत आणखी दुरुस्ती लागत नाही.

१९९१-९२ मध्ये खेळ संथ झाला होता आणि नेम सुधारला होता. एका संघाचे सुमारे ८७ शॉट, ४७ टक्के आत, म्हणजे ४६ चुकलेले. दोन्ही संघांचे ९२. रॉडमनचे १८.७ म्हणजे सुमारे २० टक्के. इथेच दोघे जवळजवळ बरोबरीला आले. शिवाय रॉडमन ४८ पैकी साधारण ४० मिनिटंच मैदानात असायचा. तेवढ्या वेळात चुकणारे शॉट ७७. त्यावर त्याचा वाटा येतो २४ टक्के.

हे गणित ढोबळ आहे. चुकलेले फ्री थ्रो यात धरलेले नाहीत आणि त्या-त्या संघाच्या ऐवजी पूर्ण लीगची सरासरी घेतली आहे. यावरून रॉडमन 'मोठा' ठरत नाही. पण २७ विरुद्ध १९ या तुलनेला अर्थ नाही, एवढं नक्की ठरतं. रॉडमनने १९९१-९२ ते १९९७-९८ असे सलग सात हंगाम पहिला क्रमांक ठेवला. सरावात तो बाजूला उभा राहून सहकाऱ्यांचे शॉट बघत बसायचा, कोणाचा चेंडू हवेत किती फिरतो आणि चुकला तर कुठे पडतो, हे पाठ करायचा. मला विचाराल तर हे फील्डवर्कच आहे.

रकाना फुटत जातो

१९७३-७४ पासून एनबीएने आक्रमणातले आणि बचावातले रिबाउंड वेगळे मोजायला घेतले. हे आवश्यकच होतं, कारण दोन्हींची शक्यता सारखी नसते. बचाव करणारा आधीच रिंग आणि आपला प्रतिस्पर्धी यांच्या मध्ये असतो, त्यामुळे बहुतेक चेंडू त्यालाच मिळतात. मग १९७९-८० मध्ये एनबीएत आणि १९८४ मध्ये फिबा या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत तीन गुणांची रेषा आली. लांबून मारलेला शॉट चुकला की लांब उडतो. रिंगखाली खांब होऊन उभं राहणं आता पुरेना.

२००४ मध्ये डीन ऑलिव्हर यांनी 'बास्केटबॉल ऑन पेपर' या पुस्तकात सामना कशाने जिंकला जातो याचे चार घटक मांडले. त्यात रिबाउंड होता, पण संख्येने नाही, टक्केवारीने. उपलब्ध चेंडूंपैकी किती पकडले? छेद अखेर छापून आला.

२०१३-१४ च्या हंगामापासून एनबीएच्या प्रत्येक स्टेडियममध्ये छताला सहा कॅमेरे लागले. सेकंदाला पंचवीस वेळा प्रत्येक खेळाडूची आणि चेंडूची जागा नोंदवली जाऊ लागली. २०१४ मध्ये राजीव महेश्वरन आणि सहकाऱ्यांनी या नोंदींवरून रिबाउंडचे तीन भाग पाडले: शॉट सुटतो तेव्हा तुम्ही किती चांगल्या जागी आहात, चेंडू हवेत असताना त्या जागेत किती भर घालता, आणि चेंडू आवाक्यात आल्यावर तो खरोखर पकडता का. एक रेघ होती, तिच्या तीन रेघा झाल्या. सरावासाठी ही विभागणी फार उपयोगी, कारण तिन्हींचा सराव वेगळा असतो. पहिला डोळ्यांचा, दुसरा पायांचा, तिसरा हातांचा.

आपल्याकडच्या वह्या

आता हा खेळ आपल्याकडे कसा आला ते बघू. स्प्रिंगफील्डमध्येच शिकलेले हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केलं. असल्या संस्थांतून तयार झालेले शिक्षक देशभर शाळा-कॉलेजांत गेले. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ मध्ये दिल्लीला झाली आणि भारतीय बास्केटबॉल महासंघ १९५० मध्ये स्थापन झाला. आपल्या राज्यात या खेळाचा विषय निघाला की मुंबईतल्या नागपाड्याचं नाव घ्यावंच लागतं. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची सुरुवात १९३६ मध्ये जिथे झाली, ती दाट कामगार वस्ती ही. तिथल्या लहानशा कोर्टवरून भारतीय संघात खेळाडू गेले. भारताचे कर्णधार झालेले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळालेले अब्बास मुंतसिर त्यांतलेच.

समजा, तुम्हाला त्या पिढीतला उत्तम रिबाउंडर कोण, यावर संशोधन करायचं आहे. तुम्ही जुन्या स्कोअरशीट शोधता. इथे अडचण येते. अधिकृत स्कोअरशीटवर गुण, फाउल आणि टाइमआउट यांसाठी जागा असते. रिबाउंडसाठी नसते. ती आकडेवारी वेगळा माणूस वेगळ्या कागदावर ठेवतो, तीही कोणी ठेवली तर. म्हणजे कागदपत्रांवरून चालणाऱ्या इतिहासात गुण करणारे सापडतील आणि त्यांना चेंडू मिळवून देणारे गायब असतील. त्यांच्यापर्यंत पोचायचं तर म्हातारे झालेले सहकारी, प्रशिक्षक, कोर्टच्या कडेला बसणारी माणसं यांच्याशी बोलावं लागेल. मुलाखतीचं साधन हौस म्हणून निवडायचं नसतं. कागद जिथे मुका आहे, तिथे ते लागतं.

मोजणाऱ्याच्या व्याख्येतही असंच एक भोक आहे. फिबाच्या आकडेवारीच्या नियमांनुसार रिबाउंड म्हणजे चुकलेल्या शॉटनंतर चेंडूवर मिळवलेला ताबा. ज्याच्या हातात चेंडू, त्याची रेघ. पण बॉक्स आउट करणारीचं काय? शॉट सुटला की ती आधी चेंडूकडे बघत नाही. वळून आपल्या प्रतिस्पर्धी मुलीला पाठीवर घेते, गुडघे वाकवून, कोपरं रुंद करून तिला रिंगपासून दूर थोपवते. चेंडू मागून येऊन सहकारी मुलगी उचलते. रेघ सहकारी मुलीला. एनबीए आता बॉक्स आउटही वेगळे मोजते. माझ्या वहीत ते नव्हते.

वही पुन्हा आखली

त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी जानेवारीभर नव्याने मोजलं. प्रत्येक शॉटला एक ओळ आणि ओळीत सहा रकाने: शॉट कुठून मारला, आत गेला की चुकला, तेव्हा मैदानात कोण कोण होतं, चेंडू कोणत्या बाजूला पडला, बॉक्स आउट कोणी केलं, चेंडू कोणी घेतला. एका माणसाला हे सगळं जमत नाही. पहिल्या दिवशी माझ्या अर्ध्या ओळी अपुऱ्या राहिल्या. मग मोबाइल स्टँडवर लावून खेळ रेकॉर्ड करायला लागले. त्यासाठी सरांची, मुलींची आणि त्यांच्या घरच्यांची परवानगी घेतली. खरं म्हणजे वहीतल्या रेघांसाठीही ती आधी घ्यायला हवी होती, कारण त्या रेघांवरून निर्णय झाला.

नेमके आकडे इथे देत नाही, मुली ओळखू येतील. साधारण प्रमाण तेच ठेवून सोपे आकडे घेते. पहिलीचे रिबाउंड ४०, दुसरीचे २२. पहिली मैदानात असताना चुकलेले शॉट २००, दुसरी असताना ८०. पहिलीचा वाटा २० टक्के, दुसरीचा साडेसत्तावीस. बॉक्स आउटमध्ये दुसरी आणखी पुढे. अर्थात ८० हा लहान नमुना आहे. आणि शेवटच्या दहा मिनिटांत सगळ्याच दमलेल्या असतात, तेव्हा ताज्या दमाने आत आलेल्या मुलीला सोपं जातं, हीही शक्यता आहे. ती तपासायला सरांना सांगून तिला दोन आठवडे सुरुवातीला खेळवलं. वाटा थोडा उतरला, पण पहिलीच्या खाली गेला नाही.

त्याच नोंदींतून सरावासाठीही एक गोष्ट मिळाली. कोपऱ्यातून मारलेला शॉट चुकला की चेंडू बहुतेकदा पलीकडच्या बाजूला पडत होता. यात गूढ काही नाही, चेंडूचा आडवा वेग धडकेनंतरही बराचसा त्याच दिशेने राहतो. अनुभवी प्रशिक्षक हे तोंडी सांगतातच. पण मुलींनी स्वतः खडूने कोर्टवर खुणा केल्या, पन्नास शॉटचे पन्नास ठिपके डोळ्यांनी बघितले, तेव्हा त्या न सांगता पलीकडे धावायला लागल्या. आता त्यांचा सराव असा चालतो: एक मुलगी कोपऱ्यातून शॉट मारते, दोघी रिंगजवळ. शॉट सुटताच अर्धी गिरकी, पाठ लावायची, दोन मोजेपर्यंत थोपवायचं, मग चेंडूकडे. दोन्ही हातांनी पकडायचा, दोन्ही पायांवर उतरायचं, चेंडू हनुवटीखाली घट्ट आणि लगेच पास.

लिस्ट मात्र तेव्हाच गेली होती. सरांनी नवीन हिशेब शांतपणे पाहिला आणि म्हणाले, "पुढच्या वेळी मॅडम." त्या स्पर्धेला ती मुलगी गेली नाही. मी तिला भेटून चूक माझी होती हे सांगितलं, हिशेबही दाखवला. तिने टक्केवारी दोनदा वाचली. मग विचारलं, "हे आधी का नाही केलं, ताई?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तिला देण्यासारखं नव्हतं. मोजायला सोपं होतं तेवढंच मी मोजलं होतं.

तुमच्यापैकी ज्यांचा सारांश या वर्षी विद्यापीठात जायचा आहे, त्यांनी एक करा. आपल्या मुख्य तक्त्यातला कुठलाही एक रकाना घ्या आणि त्याच्यावर एक पान लिहा. हा कधीपासून मोजला जातो, आधी का मोजला जात नव्हता, रेघ कोणाला मिळते, कोणाला मिळत नाही, आणि छेद काय आहे. पान भरलं नाही तर मोजणी थांबवा आणि आधी तो रकाना शिका. मी हे डिसेंबरात केलं असतं तर बाराव्या नावावर निदान पाच मिनिटांपेक्षा जास्त चर्चा झाली असती.